संगीत नाटकाच्या थिएटरातला खून: मुलांसाठी ऐतिहासिक रहस्यकथा कशी रचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी रहस्यकादंबरी लिहायची आहे. काळ संगीत नाटकाच्या वैभवाचा, जागा जुनं थिएटर, आणि चालू प्रयोगात एक मृत्यू. सुरुवात कुठून करावी, इतिहास किती घालावा, मुलांना खून कितपत दाखवावा आणि पुस्तक किती लांब असावं?

आधी एक कसोटी सांगतो. तुमचा खून थिएटरातून उचलून एखाद्या वाड्यात किंवा आगगाडीच्या डब्यात ठेवून बघा. कथेत काहीच बदलावं लागलं नाही, तर थिएटर नुसतं सजावटीला आहे आणि कथानक पुन्हा बांधायला हवं. कोडं सुटतं ती गोष्ट त्या काळच्या नाटक कंपनीच्या रोजच्या कामकाजातून निघाली पाहिजे. संगीत नाटकाकडे अशा गोष्टींची खाण आहे, पण लिहिणारे बहुधा झुंबर, अत्तर आणि शालू यांच्या वर्णनावरच थांबतात.

साल पक्कं करा

‘जुन्या काळी’ असं साल नसतं. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ 1843 सालचं, अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ 1880 सालचं, ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी 1908 सालची, गंधर्व नाटक मंडळी 1913 सालची आणि टिळक स्वराज्य फंडासाठी झालेलं ‘संयुक्त मानापमान’ जुलै 1921 मधलं. या प्रत्येक टप्प्यावर दिवे वेगळे, कायदे वेगळे, प्रेक्षकांची बसण्याची तऱ्हाही वेगळी. सरसकट ‘बालगंधर्वांचा काळ’ धरून चाललात तर तिसऱ्या प्रकरणातच पाय घसरतो.

या उत्तरासाठी 1922 साल धरू. गाव ब्रिटिश मुलखातलं, मध्यम आकाराचं, वीज न आलेलं. थिएटर पत्र्याच्या छपराचं. कंपनी काल्पनिक. हे साल सोयीचं का? रॉकेलवर चालणारी गॅसबत्ती वापरता येते. ठशांचं शास्त्र अस्तित्वात आहे (कलकत्त्याचा ठसे विभाग 1897 सालचा), पण तालुक्याच्या फौजदाराच्या हाताशी ते नाही, म्हणजे ठसे घेऊन कोडं झटपट सुटण्याची भीती नाही. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला चारच वर्षं झाली आहेत. त्यामुळे आईवडील नसलेला बारा वर्षांचा मुलगा कंपनीत कसा आला, हे एका वाक्यात सांगून होतं.

मुंबई निवडली तर हिशेब सगळा बदलतो. तिथे विजेची ट्राम 1907 सालीच धावू लागली होती, म्हणून 1922 च्या मुंबईतल्या मोठ्या थिएटरात गॅसबत्तीवर कोडं उभं करू नका. बदल्यात मुंबई दुसरी एक वस्तू देते. भारतीय प्रमाणवेळ 1906 पासून लागू झाली, रेल्वे तिच्यावर चालत होती, पण शहराने आपली जुनी ‘मुंबई वेळ’ 1955 पर्यंत सोडली नाही. दोन्हींत 39 मिनिटांचा फरक होता. स्टेशनातल्या घड्याळात 9:39 वाजलेले असताना गावातलं घड्याळ 9 दाखवायचं. ‘मी नऊच्या गाडीत होतो’ असं सांगणाऱ्या माणसाची साक्ष एवढ्यावर उलटते, आणि मुलांना हे कोडं फार आवडतं. मात्र त्या काळी मुंबईतल्या संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनरकडे, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे जायची, गावात फौजदार आणि पंचनामा. या दोन पद्धती एकमेकींत मिसळू देऊ नका.

संस्थानी गाव, म्हणजे कोल्हापूर, सांगली, मिरज वगैरे, घेतलं तर पोलीस संस्थानाचे असतात आणि हद्द ओलांडून गेलेल्याला परत आणायला दोन्हीकडचे कागद लागतात. कंपनीचा मुक्काम दोन दिवसांत हलणार आहे आणि पुढचा मुक्काम हद्दीपलीकडे आहे, एवढ्याने कथेला आपोआप मुदत मिळते.

नकाशा आणि वेळापत्रक, मगच पहिलं वाक्य

मोठ्या कागदावर थिएटरचा नकाशा काढा. दर्शनी पडदा, त्यामागे गुंडाळीचे रंगवलेले पडदे, दोन्ही बाजूंच्या विंगा, रंगपट, कपडेपट, पडद्यांचे दोर बांधायचा लाकडी माळा आणि त्याची शिडी, समोर ऑर्गन-सारंगी-तबल्याची जागा, पिट (म्हणजे पुढची स्वस्त तिकिटांची जागा), खुर्च्या, बायकांची वेगळी बसण्याची जागा आणि तिचं वेगळं दार, तिकिटाची खिडकी, मागचं दार, मागच्या दारापासून कंपनी उतरलेल्या बिऱ्हाडापर्यंतची वाट. प्रत्येक दोन जागांमध्ये किती मिनिटं लागतात तेही लिहा. अंधारात, धोतर सावरत, शिडीवरून. पुस्तकातही हा नकाशा एका पानावर छापा. वाचणारी मुलं त्यावर बोट फिरवत वाचतात.

नंतर खुनाच्या रात्रीचं मिनिटावारी वेळापत्रक. उदाहरणच घेऊ.

9:30 तिसरी घंटा. 9:35 नांदी. नांदीला जवळजवळ सगळी कंपनी रंगमंचावर उभी असते, म्हणजे ही आपोआप झालेली हजेरीच. त्या वेळी कोण नव्हतं, हे पिटातलं पोरही सांगू शकतं. 9:45 पहिला अंक, 10:55 ला संपतो. 11:10 दुसरा अंक, पहिला प्रवेश 11:30 पर्यंत. दुसरा प्रवेश प्रॉम्प्टरच्या वहीप्रमाणे पंधरा मिनिटांचा, म्हणजे 11:45 पर्यंत. तिसऱ्या प्रवेशाला सुरुवातीलाच एक दुय्यम नट रंगमंचावर हवा. हा नट कंपनीचा भागीदारही आहे, आणि आपला गुन्हेगार.

तो 11:30 ला विंगेत येतो. माळ्याच्या शिडीपाशी जायला 1 मिनिट. चढायला 2. वर कंपनीचा मॅनेजर आहे, हिशेबाच्या वहीवरून दोघांची बाचाबाची होते: 6 मिनिटं. धक्का, मॅनेजर खाली पडतो. उतरायला 2, बत्ती खाली आणून ठेवायला 2, रंगपटात जाऊन फेटा आणि रंग ठीक करायला 5. बेरीज 18. प्रॉम्प्टरच्या वहीप्रमाणे त्याच्या हातात 15 आहेत. म्हणून फौजदाराच्या लेखी तो निर्दोष ठरतो, आणि बाकीचे पोलीसही त्याला यादीतून काढतात.

आता संगीत नाटक कामाला येतं. त्या रात्री दुसऱ्या प्रवेशातल्या पदाला तीन वन्समोअर मिळाले. एकेक आवर्तन साधारण पाच मिनिटांचं, म्हणजे प्रवेश पंधराऐवजी तीस मिनिटं चालला. गुन्हेगाराला 18 लागत होती, मिळाली 30. त्याने हे आखलं नव्हतं. प्रेक्षकांनीच त्याला वेळ मिळवून दिला. फौजदार दुसऱ्या दिवशी सकाळी येतो आणि विचारतो, ‘हा प्रवेश किती वेळाचा?’ मालक वही उघडून सांगतात, पाव तासाचा. वन्समोअर कोणी बोलत नाही, कारण ते रोजचंच असतं.

वाचकाशी मात्र लपवाछपवी चालणार नाही. प्रयोगाच्या प्रकरणात तिन्ही वन्समोअर पूर्ण रंगवा. टाळ्या, पिटातून येणारी आरोळी, ऑर्गनचे पुन्हा लागलेले सूर, स्त्रीपार्टी नटाने, म्हणजे बाईची भूमिका करणाऱ्या पुरुषाने, तिसऱ्यांदा घेतलेली वेगळी तान. वाचक हे सगळं आनंदाचा प्रसंग म्हणून वाचतो, वेळ म्हणून मोजत नाही. पुराव्याची जागा हीच. रहस्यकथेत चांगला पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर असतो, पण त्याच्यावर दुसऱ्याच भावनेचा प्रकाश पडलेला असतो.

गॅसबत्तीकडे नीट बघा

या कथेतली सगळ्यात उपयोगी वस्तू गॅसबत्ती आहे, म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ घालवतो.

टाकीत रॉकेल, बाजूला हातपंप. पेटवताना आधी स्पिरिटने वरची नळी तापवावी लागते, तेव्हा कुठे रॉकेलची वाफ होऊन जाळी, म्हणजे मँटल, पांढऱ्या प्रकाशाने पेटतं. पंप मारून भरलेली हवा कमी झाली की उजेड पिवळा पडत जातो आणि सूं सूं आवाजही उतरतो. पंपाच्या दांड्याला चामड्याचा वायसर असतो. तो सुकला की कितीही पंप मारा, हवा पुरेशी भरत नाही आणि बत्ती लवकर मंदावते. तेलाचा थेंब सोडला की काम होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकदा जळलेलं मँटल म्हणजे राखेची जाळी असते. बोट लागलं किंवा जोराचा धक्का बसला की तिचा भुगा होतो.

यातून दोन पुरावे निघतात. पहिला: मॅनेजर शिडीखाली पडलेला सापडतो आणि शेजारी बत्ती उभी असते, काच शाबूत, मँटल शाबूत. सगळे म्हणतात, ‘अंधारात बत्ती घेऊन चढले, पाय घसरला.’ बत्तीवाल्याच्या हाताखालचा मुलगा मात्र ते मँटल बघतो. बत्तीसकट पडलेल्या माणसाचं मँटल टिकत नाही. म्हणजे तो पडल्यावर बत्ती कोणीतरी हळूच आणून ठेवली. अपघात इथे खून ठरतो, आणि तोही मुलाच्या रोजच्या कामाच्या ज्ञानातून. बारा वर्षांच्या मुलाने शहाणपणात फौजदाराला मागे टाकलं, हे पटायला कठीण जातं. बत्तीच्या ज्ञानात मागे टाकलं, हे लगेच पटतं.

दुसरा पुरावा वेळेचा. रंगमंचावरच्या बत्त्या प्रवेश बदलताना दोरीने खाली घेऊन हवा भरायची, असा त्या मुलाचा शिरस्ता. एका बत्तीचा वायसर सुकलेला आहे, हे दुसऱ्या प्रकरणात सहज सांगून ठेवा. मालकाने नवा आणायला पैसे दिलेले नाहीत. 11:30 ला हवा भरली, पुढची 11:45 ला भरायची. पण त्या रात्री 11:50 च्या सुमाराला, पद चालू असतानाच, ती बत्ती पिवळी पडली आणि पिटातून ‘बत्ती! बत्ती!’ असा ओरडा झाला. मुलाला त्याबद्दल बोलणी बसली. पुढे काही मोठी माणसं म्हणू लागतात की त्याने मुद्दाम उजेड कमी केला, तोही कटात असेल. म्हणजे वाचकाला ही चुकीची वाट वाटते, आणि मुलाला स्वतःवरचा आळ पुसायचं कारण मिळतं. शेवटी कळतं की बत्ती मंदावली कारण प्रवेश लांबला होता. ज्या गोष्टीवरून मुलाला दोष दिला, तीच त्याची साक्ष.

एकाच वस्तूचे दोन पुरावे असले तर एक लवकर उलगडा आणि दुसरा अगदी शेवटी. दोन्ही एकाच प्रकरणात उलगडलेत तर शेवटचा जोर जातो.

शोध लावणारी मुलं कोण?

कंपनीत मुलं होतीच. गायक-नट केशवराव भोसले लहानपणीच ‘स्वदेशहितचिंतक’ या नाटक कंपनीत दाखल झाले होते. तेव्हा मुलांना थिएटरात आणायला निमित्त शोधावं लागत नाही. काम देताना मात्र असं द्या की त्यांना सगळीकडे फिरता येईल: बत्तीवाल्याच्या हाताखालचा मुलगा, नक्कल, म्हणजे संवादांची प्रत, लिहून घेणारा बालनट, आचाऱ्याची मुलगी. तीन पुरेत. चार झाली की एक जण नुसता ‘अरे बापरे’ म्हणायला उरतो.

मुलीचा विचार विशेष करावा लागतो. 1922 मध्ये पुरुषच स्त्रीभूमिका करत होते. बायकांच्या वेगळ्या कंपन्या होत्या, पण स्त्री-पुरुष एकत्र रंगमंचावर येण्याचं नाव घेतलं की 1933 चं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आठवतं. त्यामुळे तुमची मुलगी नटी नसते. ती बिऱ्हाडात वावरते, पंगती वाढते, बायकांच्या बसण्याच्या जागेत जाऊ शकते, जिथे मुलाला आणि फौजदारालाही सहज जाता येत नाही. तिथल्या बायकांनी काय पाहिलं, हे तिच्याशिवाय कोणालाच मिळणार नाही. तिची गरज कथेलाच पडली पाहिजे.

आणि अवघड प्रश्न टाळू नका. बालविवाह रोखणारा शारदा कायदा 1929 चा, लागू 1930 मध्ये. म्हणून 1922 मधल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या लग्नाचं घरात चाललेलं असणं अगदी स्वाभाविक. पंगतीत कोण कुठे बसतो, कोणाच्या हातचं पाणी कोण घेतो, हेही त्या बिऱ्हाडात होतंच. यावर भाषण नको. मुलीला पुढच्या महिन्यात ‘बघायला’ येणार आहेत, एवढं एक वाक्य आणि तिची त्यावरची गप्पता पुरते. पंगतीचा उपयोग पुराव्यासाठीही होतो: जागा ठरलेल्या असल्याने कोणाचं पान त्या रात्री रिकामं राहिलं, हे वाढणारीला पाठ असतं. जात-लग्न गाळून ‘गोड’ जुना काळ उभा केला तर मुलं खोटा इतिहास शिकतात, शिवाय कथेतले चांगले पुरावेही हातचे जातात.

मुलांची बोली आजच्या आत्मविश्वासाची नको. 1922 चा मुलगा मालकांना उलट विचारत नाही. तो पाण्याचा तांब्या घेऊन जातो आणि उभा राहतो. तबलजींना ‘बुवा’, मालकांना ‘मालक’, थोरल्या नटांना ‘अहो काका’ असं म्हणत आडून विचारतो. मोठी माणसं पोरासमोर बिनधास्त बोलतात, कारण त्यांच्या लेखी ते पोर तिथे नसतंच. तरी दाराआडून ऐकलेलं संभाषण अख्ख्या पुस्तकात एकदाच वापरा. दुसऱ्यांदा आलं की शोध संपून चोरून ऐकणं सुरू होतं.

संशयित, आणि नावांचा घोळ

पाच संशयित पुरेत. प्रत्येकाला मॅनेजरशी भांडायचं खरं कारण हवं, आणि प्रत्येकाचं काहीतरी लपवण्यासारखं असावं, जे खुनाशी संबंधित नाही. पिटात वहीत टिपणं घेत बसलेला अनोळखी माणूस हा चांगला चकवा आहे. 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याने सरकारला प्रयोग थांबवण्याचा अधिकार होता, आणि खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर 1910 मध्ये बंदी आलीच होती. हा माणूस सरकारी टिपणकार निघावा. त्याच्या वहीत प्रवेशांच्या वेळा लिहिलेल्या असल्या तर शेवटी त्याच वन्समोअरला दुजोरा देतील. पण मुलांनी उत्तर शोधल्यानंतर. आधी दिल्या तर शोध त्याचा होतो.

स्त्रीपार्टी नटाला खलनायक किंवा हसण्याचा विषय करू नका. तो त्या काळातला कंपनीचा सर्वांत मानाचा कलावंत. वेषांतराचा मोह होईल: ‘बाईच्या वेषात पळून गेला.’ हे इतक्यांदा वापरून झालंय की दहा वर्षांचं मूलही आधीच ओळखतं. उलट बाजूने वापरा. नऊवारी, दागिने, गंगावन (खोटे केस) हे सगळं उतरवून पुन्हा चढवायला बराच वेळ लागतो आणि कपडेपटवाल्याची मदत लागते. म्हणून पूर्ण वेषात असलेला माणूस पाच मिनिटांत शिडी चढून येऊ शकत नाही. त्याचा पोशाखच त्याचा बचाव ठरतो.

नावांकडे लक्ष द्या. गणपतराव, गोविंदराव, गोपाळराव अशी तीन माणसं एका कंपनीत असणं इतिहासाला धरून आहे, पण वाचणाऱ्या मुलाला ती वेगळी राहत नाहीत. प्रत्येकाचं पहिलं अक्षर वेगळं ठेवा, आणि शक्य तिथे कामावरून ओळख द्या: पेटीवाले, पडदेवाला, कपडेपटवाला. खरे नामवंत नट दुरूनच यावेत, म्हणजे भिंतीवरच्या जाहिरातीत किंवा गप्पांत. त्यांच्या तोंडी मनची वाक्यं घालू नका, त्यांच्या कंपनीत खून तर नाहीच.

मृत्यू किती दाखवायचा

पडल्याचा आवाजसुद्धा वाचकाला थेट ऐकवू नका. पदाचा कल्लोळ, तबला आणि टाळ्या यात एक ‘धप्प’ विरतो. कोणीतरी मागाहून म्हणतं, मला वाटलं पडद्याचा रूळ पडला. पावसाळ्याचे दिवस घेतलेत तर पत्र्यावरच्या सरीही मदतीला येतील, पण मग तीन वन्समोअर ऐकू तरी कसे आले, असा प्रश्न निघतो. म्हणून हिवाळा बरा. प्रेत दिसतं ते चादर टाकलेलं. रक्त एका शब्दापुरतं. पण दुःख आखडतं घेऊ नका: मॅनेजरच्या बायकोला निरोप कोण सांगणार, त्या दिवशीची चूल पेटली की नाही, रात्रीचा खेळ रद्द झाला का, मेलेल्या माणसाची चष्म्याची डबी कोणाकडे. मुलांना भीती रक्ताची वाटत नाही तितकी मोठ्या माणसांच्या अचानक गप्प होण्याची वाटते.

विष वापरणार असाल तर रंगभूषेच्या पेटीतला सफेदा, हिंगूळ वगैरे हाताशी आहे असं वाटेल. मुलांच्या पुस्तकात पदार्थाचं नाव, मात्रा आणि कृती यांपैकी काहीही नको. थिएटरात विषापेक्षा उंची, दोर आणि अंधार जास्त प्रामाणिक वाटतात.

कायद्याचा एक बारकावा इथे उपयोगी पडतो. भांडणाच्या भरात दिलेल्या धक्क्याने मृत्यू झाला तर त्या काळी लागू असलेल्या 1860 च्या भारतीय दंडसंहितेप्रमाणे तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. खुनाला फाशी किंवा जन्मभर काळं पाणी. सदोष मनुष्यवधाला कलम 304 खाली काळं पाणी किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. मुलांची कथा फासावर संपवायची नसेल तर ही वाट खरी आणि इतिहासाला धरून आहे. शिवाय तिच्यातून नैतिक प्रश्न जास्त टोकदार होतो: धक्का रागाचा होता, पण खाली पडलेल्या माणसासाठी हाक न मारता त्याने बत्ती ठेवली आणि फेटा नीट केला. मुलं इथेच चिडतात, आणि चिडू द्यावं.

लांबी आणि मांडणी

20 ते 22 हजार शब्द, सतरा प्रकरणं, प्रत्येकी साधारण 1250. मृत्यू चौथ्या प्रकरणाच्या शेवटी. त्याआधी गुन्हेगार किमान दोनदा दिसला पाहिजे, एकदा तरी मुलांशी चांगला वागताना. मँटल सहाव्या प्रकरणात, फौजदाराचा ‘पंधरा मिनिटांचा’ निष्कर्ष आठव्यात, चुकीच्या माणसावर आळ दहाव्यात. अकरा ते तेरा ही प्रकरणं नेहमी ढिली पडतात, कारण लेखक तिथे नुसत्या मुलाखती घेत सुटतो. तिथे मुलांचं काहीतरी हरवू द्या: बत्तीवाल्याच्या मुलाला कामावरून काढतात, किंवा मुलीला गावी पाठवायचं ठरतं. प्रत्येक खरा पुरावा उलगड्याआधी दोनदा दिसावा, दुसऱ्यांदा दुसऱ्या कोणाच्या तोंडून.

शेवटच्या प्रसंगात मुलांना एकट्याने गुन्हेगारासमोर उभं करू नका. तालीम लावा. कंपनी पुढच्या मुक्कामाआधी दुसरा अंक बसवून बघते आहे, फौजदार खिशातलं घड्याळ हातात धरून बसला आहे. पहिल्या वेळी पद एकदाच होतं: पंधरा मिनिटं. मग मुलगा विचारतो, ‘त्या रात्रीसारखं करायचं का?’ तबलजी नकळत पुन्हा ठेका धरतात, पेटीवाले सूर लावतात, आणि तीन आवर्तनं होईपर्यंत सगळं थिएटर घड्याळाकडे बघत राहतं. कोणीही लांब भाषण देत नाही.

पदं स्वतः रचा, चार ओळी पुरतात. जुनी वापरायची तर हक्क तपासा: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ते संपतात. किर्लोस्कर 1885 मध्ये गेले, नाटककार देवल 1916 मध्ये, त्यामुळे त्यांची पदं मोकळी आहेत. मात्र ध्वनिमुद्रिकेचे हक्क वेगळे असतात. श्राव्य पुस्तक करताना ते लक्षात ठेवा.

काय बिघडतं

पैशांत. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे किंवा 12 पै. ‘पंचवीस पैसे’ 1957 नंतरचे. आवाजात: ध्वनिक्षेपक नाही, म्हणून विंगेतून ओरडून बोललेलं प्रेक्षकांना ऐकू जातं, तिथे कुजबुजच हवी. प्रयोगाच्या वेळेत: नऊ-साडेनऊला सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालायचा, म्हणून ‘साडेबाराला सगळे घरी गेले’ हे वाक्य संपूर्ण वेळापत्रक पाडतं. मॅनेजर सापडतो केव्हा, हेही यावर ठरतं. दुसऱ्या अंकानंतर सापडला तर खेळ थांबवायचा की नाही, हा मालकांचा निर्णय एक संपूर्ण प्रकरण देतो.

माहितीचे ढिगारे हा सगळ्यात मोठा दोष. गॅसबत्तीवर इथे मी जेवढं लिहिलं तेवढं कथेत एकत्र येता कामा नये. स्पिरिट पहिल्या प्रकरणात, वायसर दुसऱ्यात, मँटल हाताळताना फुटलं म्हणून बसलेली चापट तिसऱ्यात. प्रत्येक वेळी कोणीतरी घाईत आहे आणि माहिती कामातून कळते आहे. चापट बसलेलं मूल वाचकाच्या लक्षात राहतं, आणि मँटल नाजूक असतं हेही तिच्यासोबत राहतं.

खर्डा झाला की पहिली चौदा प्रकरणं चार-पाच मुलांना वाचायला द्या. शेवट देऊ नका. प्रत्येकाला चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायला सांगा: कोणी केलं, आणि कशावरून. नाव बरोबर पण कारण ‘तो दुष्ट वाटला’ असं आलं, तर गुन्हेगाराचं चित्रण भडक झालंय. त्याला एक चांगली कृती वाढवा. सगळ्यांनी वन्समोअर पकडले, तर पदाच्या प्रसंगात तुम्ही कुठेतरी मिनिटं मोजून दाखवली आहेत, ती काढा. कोणालाच ते सुचले नाहीत, तर चौदाव्या प्रकरणाच्या आसपास तबलजींच्या तोंडी एक साधी तक्रार घाला: त्या रात्री ठेका धरून धरून बोटं दुखली.